तळहाताएवढा डास

माझ्या हुद्द्यात 'कलेक्टर' हा शब्द होता. पूर्ण हुद्दा 'इन्सेक्ट कलेक्टर', म्हणजे कीटक गोळा करणारा. पण खेड्यापाड्यांत मागचा शब्दच तेवढा ऐकला जाई, आणि मी पोचायच्या आधी चावडी झाडलेली असे. मग हा कलेक्टर गोठ्यात शिरून म्हशीच्या पोटाखाली वाकला आणि काचेच्या नळीत डास धरू लागला, की पाहुणचार झपाट्याने उतरे. राजूरच्या बाजूला एका म्हाताऱ्याने मला फार कळवळून विचारले होते, "घरची शेतीबिती न्हाई का काई, बाबा?"

काम असे होते. हिवताप डासांमुळे होतो, पण सगळ्या डासांमुळे होत नाही. कोणत्या गावात कोणत्या जातीचे डास आहेत आणि ते कोणत्या पाण्यात वाढतात, हे आम्ही पाहायचे. सकाळी घरांच्या आणि गोठ्यांच्या भिंतींवर बसलेले डास नळीने ओढून घ्यायचे, भिंगाखाली धरायचे, पंखांवरचे ठिपके आणि पायांवरचे पट्टे मोजायचे. मुलांची पोटे डाव्या बरगडीखाली चाचपून पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का पाहायचे. ज्या गावात पोरांच्या पानथऱ्या मोठ्या, त्या गावात ताप मुरलेला. मोजणे हा माझा स्वभावच आहे. घरी आणलेली विड्याची पानेसुद्धा मी मोजून घेतो, आणि त्यावरून मंडळी चेष्टा करतात. पण या नोकरीत मोजण्याला मान होता. पायावर दोन पट्टे की तीन, यावर एक डास निर्दोष सुटे आणि दुसरा मारेकरी ठरे.

लोक विचारतात, एवढी रानावनातली नोकरी, वाघ दिसला का? दिसला, दोनदा, आणि दोन्ही वेळा तोच आधी निघून गेला. मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तीसुद्धा भर दिवसा.

युद्धाची वर्षे होती. जावा जपानच्या हाती गेल्यापासून तिथून येणारे हिवतापाचे औषध, क्विनीन, मिळेनासे झाले होते. माझ्या पिशवीत रोग्यांसाठी थोड्या गोळ्या असत, त्या मी जपून वापरी. आम्हां नोकरांना त्याऐवजी मेपाक्रीनच्या गोळ्या मिळत. त्या रोज घेतल्या की कातडी हळदीसारखी पिवळी पडे. सुटीत घरी गेलो की बायको म्हणे, "तुमच्या शेजारी जेवायला बसलं की आपल्यालाच कावीळ झाल्यासारखं वाटतं."

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्याखाली, वीसेक घरांची एक वाडी आहे. तिचे नाव देत नाही. वाडीच्या वर दाट जंगल. त्या जंगलाच्या पोटात एक कपार आहे आणि कपारीतून बारमाही झरा वाहतो. वाडीच्या खाली मोडका घाट, आणि घाटाच्या तळाशी ओढ्याचा डोह आणि बाजाराचे गाव. वाडी पाणी प्यायची ते वरच्या झऱ्याचे. तसे पाणी मी जिल्ह्यात दुसरीकडे प्यालो नाही.

आदल्या हिवाळ्यात मी तिथे व्याख्यान दिले होते. आमच्या कापडी चित्रावर नगरच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने डास काढला होता, चांगला सुपाएवढा. पाय, मिशा, सोंड, सगळे जिथल्या तिथे. ते चित्र आंब्याला टांगून मी सांगितले की हा प्राणी चावला म्हणजे ताप येतो. वाडीचे म्होरके धावजी कारभारी चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "देवाची किरपा, साहेब. आमच्यात असला न्हाई. आमचे लई बारीक हायती."

सगळे हसले, मीही हसलो. पुढे कचेरीत मी हा विनोद बऱ्याच जणांना सांगितला.

त्यानंतरच्या वैशाखात मी पुन्हा निघालो. बरोबर खंडू शिपाई होता. माझ्यापेक्षा वयाने मोठा, राजूरचा, जंगलाला सरावलेला. खालच्या गावात पोचलो तर रस्ता सुना, दोन घरांची दारे बाहेरून लावलेली. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ चालू होती. आम्ही तिथल्या पाण्याला हात लावला नाही आणि तसेच घाट चढू लागलो. अर्ध्या घाटात वाडीच्या बायका भेटल्या. डोक्यावर भरलेले हंडे घेऊन त्या वर चढत होत्या.

खंडू म्हणाला, "का गं बायांनो, वरचा झरा आटला?"

 एकीने माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडावर ओढून ती बाजूला झाली.  डोहाच्या काठी मी येतानाच रोग्यांच्या चिंध्या धुतलेल्या पाहिल्या होत्या.

वाडीत धावजी कारभारी ओट्यावर बसले होते. डोक्याचे केस उतरवलेले. उठले नाहीत.

"या, साहेब," ते म्हणाले. "तुमच्या चित्रातला आला. माज्या म्हादूला घिऊन गेला."

म्हादू त्यांचा धाकटा मुलगा. तो बाजार करून आला, दुसऱ्या दिवशी सरपणाच्या फाट्या आणायला जंगलात गेला, झऱ्यावर टेकला आणि परत आला तेव्हा त्याच्या घोंगडीवर एक डास बसलेला होता. तळहाताएवढा. सगळ्यांनी पाहिला. संध्याकाळपासून म्हादूला जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मग माणसे झऱ्यावर जाऊन पाहून आली. कपारीत तसले डास भिंतभर होते. कारभाऱ्यांनी त्याच दिवशी काट्या टाकून झऱ्याची वाट बंद केली. तेव्हापासून वाडी डोहाचे पाणी पीत होती.

मी म्हणालो, "कारभारी, म्हादूला पटकी झाली. खालच्या गावात आहे ती. बाजारात तो पाणी प्याला असणार. झऱ्याचा यात काही दोष नाही. उलट तुम्ही आता जे पाणी आणताय तेच..."

"बाजारला त्यो दर आठवड्याला जात हुता. बाजार काय आजचा हाय व्हय?" ते आवाज न चढवता बोलत होते. "डासानं ताप येतो ह्ये तुमीच सांगितलं. चितरसुदिक तुमीच दावलं. बारका चावला तर मानूस म्हैनाभर पडतं. मंग एवढा चावल्यावर किती टिकनार?"

हे त्रैराशिक चुकले होते, पण त्यातली पहिली दोन पदे माझी होती.

आमचा मुक्काम ठमाबाईच्या पडवीत असे. ती विधवा, पन्नाशीच्या आतबाहेरची, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. तिचा मुलगा मुंबईकडे गोदीत कामाला होता आणि सून दिवसांत होती. खंडू पाण्यासाठी मडक्याकडे वळला तसा मी त्याचा हात धरला. ठमाबाईने ते पाहिले.

"आमी पितो ते तुमाला चालंना?"

"बाई, उकळून प्या. निदान सुनेला तरी उकळून द्या."

"एक हंडा आनायला घाट उतरायचा, त्यो उकळायला पुन्ना फाट्या. आन् फाट्या कुठल्या? त्या तर झऱ्याच्या रानात." मग ती हळू बोलली. "साहेब, खरं सांगा. त्यो डास हाय का न्हाई?"

मला माहीत नव्हते. खालच्या दवाखान्याला मी चिठ्ठी धाडली, पण तिथले लोक आधीच आसपासच्या चार गावांत गुंतलेले होते. ते येईपर्यंत वाडी त्या डोहावर राहिली तर काय होईल, हे मी मनातल्या मनात मोजून पाहिले आणि मोजणे थांबवले.

मी आणि खंडू काट्या ओलांडून जंगलात शिरलो. बाहेर ऊन रणरणत होते, पण आत दहावीस पावलांत अंगावर गारवा आला. खंडू एरवी चालताना सारखी बडबड करी. आज तो दोन पावले मागे राहून झाडांकडे बघत होता. कपार येईपर्यंत पाण्याचा आवाज येत राहिला, दुसरा कसलाच नाही. कपारीचे छत खाली वाकलेले, भिंत ओली, शेवाळाने काळी-हिरवी. मला पहिल्यांदा किडे दिसलेच नाहीत. भिंतीवर बारीक मुळ्या लोंबताहेत असे वाटले. मग मी आणखी पुढे झालो आणि त्या मुळ्या एकदम वरखाली होऊ लागल्या. सगळी भिंत, एका लयीत, आवाज न करता, उठाबशा काढल्यासारखी हलत होती.

"साहेब, चला," खंडू म्हणाला. "आपल्याला पगार ह्याचा न्हाई." आणि तो मागच्या मागे झाडीबाहेर गेला.

मी पळालो नाही याचे कारण धैर्य नव्हे. पाय हलेनात. तेवढ्यात भिंतीवरचे काही सुटले आणि माझ्या तोंडावर आले. जाड दोरे ओले करून कोणी चेहऱ्यावर टाकावेत तसा स्पर्श. मी हात झाडले. ते निघून गेले, पण त्यांचे तुटलेले लांब पाय माझ्या सदऱ्याला चिकटून राहिले, आणि त्यातला एक अजून हलत होता. डास हजारो धरले, पण डासाचा पाय असा सुटून हलताना मी पाहिला नव्हता. मी ओरडलो असेन. खंडू नंतर म्हणाला, ओरडलात.

तरी तीन किडे नळ्यांत धरून आणले. ठमाबाईच्या ओट्यावर उजेडात बसून मी भिंग काढले. अंग सव्वा इंच, पाय त्याच्या दुप्पट. पेंटरच्या चित्राशी मेळ इतका होता की मी पुन्हा एकदा मोजून पाहिले. आमच्याकडे एक हस्तपुस्तक असे, त्यात डास ओळखायची रीत दिलेली होती. एक प्रश्न, दोन उत्तरे, त्यातून पुढचा प्रश्न. पहिला प्रश्न पंखांचा होता. डासाच्या पंखांच्या शिरांवर बारीक खवले असतात. फुलपाखराची पूड बोटाला लागते तसे ते बोटाला लागतात. या किड्याचा पंख मी बोटावर घासला. बोट कोरे. दुसरा घासला, कोरे. पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होती, ती डासाला नसते. म्हणजे हा डास नव्हे. आणि इथे माझे पुस्तक संपले. डास नसेल तर काय, हे त्यात नव्हते. ते डासांचे पुस्तक होते.

आता प्रश्न तोंडाचा. डास नसूनही चावणाऱ्या माश्या पुष्कळ आहेत. मी नळी फिरवून फिरवून तोंड पाहिले. तोंड पुढे आलेले, घोड्याच्या नाकासारखे, खाली लोंबणाऱ्या दोन मिशा. कातडीत शिरेल अशी सुई दिसली नाही. तिन्ही किड्यांत दिसली नाही. पण माझे भिंग दहा पटींचे होते, आणि जे दहा पटींत दिसत नाही ते नाहीच, असे आमच्या धंद्यात म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंब्याखाली वाडी जमली. मी गोठ्यातला एक साधा डास आणि हा मोठा किडा असे दोन्ही आणले होते. डासाचा पंख कारभाऱ्यांच्या बोटावर घासला. करडी पूड उमटली. मोठ्याचा घासला, काही उमटले नाही. माणसे वाकून पाहत होती.

"हा डास नाही," मी म्हणालो. "तुमचा खरा वैरी तो बारका. रोज तुमच्या गवताच्या छपराखाली शेपूट वर करून बसतो आणि तुम्ही त्याच्याखाली झोपता. हा मोठा कोणाला चावत नाही."

"पूड नसंल," कारभारी म्हणाले, "पर दात असतील."

मी बाही वर केली, एका जिवंत किड्याची नळी दंडावर उपडी घातली आणि तशीच धरून ठेवली. किडा कातडीवर चालला, कोपऱ्यात जाऊन बसला.  बऱ्याच वेळाने नळी काढली. दंडावर काही नव्हते. मला वाटले, झाले.

मागून एक माणूस म्हणाला, "सायबाचं कातडं बघा की. हळदीवानी पिवळं. त्या गोळ्या खातो त्यो. त्याचं रगत कडू झालंया. त्याला डास कशाला चावंल?"

कारभाऱ्यांनी मान डोलावली. आणि खरे सांगायचे तर शंका चूक नव्हती. त्या गोळ्या मी घेत होतो त्या तापापासून बचावासाठीच. ज्या भीतीची परीक्षा घ्यायची, तिच्यावर औषध घेतलेला माणूस परीक्षेला बसवून चालत नाही.

"मंग बिनगोळीचा हात घ्या," बायकांतून ठमाबाई पुढे आली. "हा घ्या."

"ठमे, मागं सर," कारभारी म्हणाले.

"का? तुमी सरता पुढं? माजी सून आज हाय उद्या बाळंत हुईल. तिला त्या डोहाचं पानी पाजू? त्यात काय धुत्यात ते म्या बघितलंया." मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, रुपयात किती आने खात्री हाय?"

मी म्हणालो, "पंधरा."

लोकांत कुजबुज झाली. खंडूने मला कोपराने ढोसले. "सोळा म्हना की," तो पुटपुटला.

कारभारी म्हणाले, "तुमाला लेक हाय न्हवं? तिचा हात ठिवला असता का?"

मला मुलगी आहे. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी उत्तर शोधत राहिलो.

ठमाबाई म्हणाली, "गप बसला म्हंजी न्हाई ठिवला असता." ती हसली. "खरं बोलला तरी. सोळा म्हनला असता तर म्याच मागं फिरले असते. एक आना माजा. लावा नळी."

मी नळी लावली. किडा तिच्या मनगटावरून दोनदा फिरला, त्याचा एक पाय तिथेच तुटून पडला. तिने हात हलवला नाही. नळी काढल्यावर तिने तो पाय फुंकून टाकला. कारभाऱ्यांनी निवाडा दिला: पुढच्या बाजारापर्यंत हिला ताप आला नाही तर काट्या काढू. आला तर झरा कायमचा बंद, आणि ह्यो साहेब पुन्ना वाडीत नको.

ओट्यावर येऊन बसलो आणि मग या परीक्षेतली खोट माझ्या ध्यानात आली. आज मला ठाऊक आहे की तो किडा लांब टांगांच्या माश्यांच्या कुळातला होता. इंग्रजीत त्याला क्रेन फ्लाय म्हणतात, करकोच्याच्या टांगांवरून. तो चावत नाही. मी पाठवलेले नमुने पुढे कितीतरी महिन्यांनी ओळखून आले. जात मात्र कळली नाही, कारण मी तिन्ही माद्या पाठवल्या होत्या आणि जात ठरवायला नर लागतो. पण त्या दिवशी माझी भीती किड्याची उरलीच नव्हती. त्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या पानथऱ्या मी स्वतः चाचपल्या होत्या. तिथे ताप कोणालाही, कोणत्याही दिवशी येऊ शकत होता. नवा डास न चावताही जुना ताप पुन्हा उठतो. ठमाबाईला आठवड्यात ताप आला तर तो किड्याच्या नावावर जाणार होता, झरा बंद होणार होता, आणि सगळी वाडी डोहावर राहणार होती. असली परीक्षा मी मान्य कशी केली?

मी क्विनीनच्या गोळ्या मुठीत घेऊन तिच्याकडे गेलो. ती चुलीपुढे होती.

"कोयनेल हाय व्हय?"

"घ्या. कोणाला कळणार नाही."

तिने गोळ्यांकडे पाहिले आणि मान हलवली. "मंग तुमचा हात आन् माजा हात एकच झाला की. ठिवा ते."

मी पडवीत राहिलो. एरवी मी गावोगाव फिरलो असतो, पण कुठे जाववेना. सकाळी डास धरी, दुपारी ओढ्याच्या पाण्यात अळ्या शोधी, आणि सगळा वेळ माझा एक डोळा ठमाबाईवर असे. ती चालताना अडखळली की मी हातातली नळी खाली ठेवी. ती खोकली तरी मी वळून पाही. खंडू म्हणाला, "साहेब, असं बघू नका. लोक काईबाई बोलत्याल." एवढ्या दिवसांत त्याने केलेला हा एकच विनोद, आणि तोही त्याला नीट जमला नाही. मी एक चूल फक्त पाणी उकळायला लावली होती. फाट्या खंडू आणि मी जंगलातून आणत होतो, कारण दुसरे कोणी जाईना. ते पाणी ठमाबाईची सून आणि दोनतीन लेकुरवाळ्या तेवढ्या घेत. वाडीच्या खालच्या टोकाला एका म्हाताऱ्याला जुलाब लागले आणि तो गेला. लोक म्हणाले, झऱ्यावरचा वारा लागला असंल.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी मी ओढ्यावरून परत आलो. ऊन असे होते की दगडाला हात लावता येईना. ठमाबाई परसात भिंतीला टेकून बसली होती आणि तिने अंगावर घोंगडी घेतली होती.

मी जवळ गेलो. तिचे दात वाजत होते. 

"बसा," ती म्हणाली. "उबं ऱ्हाऊ नका, लोक बघत्याल."

मी बसलो. 

"ह्यो माजा जुना हाय, साहेब. म्या वळखते ह्याला. आदी नखं गार पडत्यात, मंग पाठीतनं उठतो. दिवाळीला आल्ता तसाच. एक दिस येतो, एक दिस न्हाई. तुमच्या किड्याचा न्हाई ह्यो."

"तुम्हाला खात्री आहे?"

"माज्या घरात कोन येतं ते मला कळतंय की." ती थांबली, थंडीची एक लाट जाऊ दिली. "आज आला म्हंजी उद्या न्हाई. उद्या बाजार. कारभारी उद्या हात लावून बघंल. तुमी आज गप बसा."

मी डास मोजणारा माणूस. जे दिसते ते लिहायचे, यापलीकडे मला दुसरे काही शिकवलेले नव्हते. एका बाजूला दिसत होते ते हे, की ताप आला आहे. दुसऱ्या बाजूला डोह. मी उठलो आणि परसाच्या तोंडाशी नळ्या पुसत बसून राहिलो, म्हणजे तिकडे कोणी येऊ नये. कोणी आले नाही. तिन्हीसांजेला तिला घाम सुटला आणि ती उठून चुलीपाशी गेली.

दिवसाआड येणारा ताप दिवसाआडच येतो असे नाही. कधी कधी दोन ताप एकमेकांत मिसळतात आणि रोज येतो. हे मला ठाऊक होते, तिला नसावे. सकाळी आंब्याखाली माणसे जमली तेव्हा मी झाडाला हात लावून उभा होतो. कारभाऱ्यांनी ठमाबाईच्या कपाळावर पालथा हात ठेवला. मग मानेवर. मग पुन्हा कपाळावर.

"गार हाय," ते म्हणाले.

काट्या त्यांनीच ओढून बाजूला केल्या. झऱ्यावर सगळ्यांत पुढे ठमाबाई गेली. कपारीची भिंत तशीच वरखाली होत होती. बायका थबकल्या. तिने हंडा बुडवला, ओंजळभर पाणी प्याली आणि मागे न पाहता म्हणाली, "या गं. त्यास्नी आपलं काम हाय, आपल्याला आपलं." एकेक करून सगळ्यांनी हंडे भरले. त्या संध्याकाळी वाडीतल्या प्रत्येक घरात झऱ्याचे पाणी होते. डोहाचे पाणी मी खंडूकडून उकिरड्यावर ओतवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पुन्हा थंडी भरली. आता लपवण्यासारखे काही नाही असे समजून मी क्विनीन काढले, सुनेला पाणी आणायला सांगितले, आणि वळलो तर दारात धावजी कारभारी उभे होते.

ते आत आले. घोंगडीखाली ठमाबाई हलत होती, जात्याचा खुंटा हलावा तशी. ते तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटले, आता हे बाहेर जातील आणि काट्या परत ओढतील.  बाजाराच्या आदल्या दिवशीच्या तापाचे मी कोणाला सांगितले नव्हते.

"ह्यो ताप कवाचा?" त्यांनी विचारले.

"परवाचा," ठमाबाई म्हणाली. "माजा जुना हाय, कारभारी."

ते खाली बसले. तिच्या हाताला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"म्हादूला ह्यो नव्हता," ते म्हणाले.



"त्याला थंडी वाजली न्हाई. अंग तापलं न्हाई. उलटं गार पडत गेलं. डोळं आत गेलं. पानी, पानी करत हुता." ते माझ्याकडे वळले. "खालच्या गावात अशीच गेली का मान्सं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"म्हंजी बाजारातनं आनलं त्यानं. आन् म्या त्याच्या मागनं समद्यांना त्याच पान्यावर धाडलं."

 सुनेने पाण्याचा तांब्या आणला. कारभाऱ्यांनी तो स्वतः घेतला, ठमाबाईचे डोके उचलून धरले आणि मी दिलेली गोळी तिला गिळवली. मग त्यांनी खांद्यावरची आपली घोंगडी काढली, तिच्या घोंगडीवर टाकली आणि तिची थंडी थांबेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरली.